मथुराबाईचा घास

सुभानपुरा, बडोदे
२० डिसेंबर

आत्या, नमस्कार.

बापू कंडक्टरने काल तुमची पिशवी थेट घरी आणून दिली आणि वर मलाच दटावलं. म्हणे, सावली गावच्या मासीने बजावलंय, पिशवी जमिनीवर टेकवायची नाही. अख्खा रस्ता त्याने ती मांडीवर धरली होती. तिकिटं कशी फाडली असतील देव जाणे! मी हसतच ती ओट्यावर ठेवली.

खपली सुरेख आहे. कांडून, पाखडून इतकी स्वच्छ केलीत की मला निवडायला काही उरलंच नाही. घशाच्या ऑपरेशनने तुमचा आवाज गेला, पण हात मात्र पहिल्यासारखेच चालतात. फोनवर बोलता येत नाही याचं मला वाईट वाटतं. तरी खरं सांगू? पत्र लिहायला बसलं की कुणीतरी घरचं माणूस समोर बसल्यासारखं वाटतं. सासूबाई गेल्यापासून या टेनामेंटच्या घरात दुपारी मी आणि आशय, दोघंच. तुमच्या भाच्याची, यशराजची ड्यूटी तुम्हाला माहीतच आहे.

आशय सहा महिन्यांचा झाला. आधार दिला की बसतो, आमचं ताट दिसलं की झेप घेतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता दुधाबरोबर वरचं सुरू करा. एका वेळी एकच नवा पदार्थ, चमच्याच्या टोकावर येईल इतकाच, आणि तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. दोन-तीन दिवस तोच द्यायचा, उलटी होते का, अंगावर पुरळ येतं का ते बघायचं, मगच पुढचा. भाताची पेज आणि नाचणी झाली. आता गहू. मी ऐटीत सांगितलं, आमचा गहू साधा नाही हो, खपली आहे, घरातलं शंभर वर्षांपूर्वीचं बियाणं. त्या हसल्या. म्हणाल्या, जुना असला तरी गहूच तो, जपूनच द्या.

तर खीर कशी करायची ते नीट लिहा. आणि उष्टावणाला तुम्ही हव्याच. गुडघ्यांची सबब चालणार नाही.

तुमची,
वैष्णवी


सावली
२४ डिसेंबर

वैष्णवी, सुखी राहा. आधी लेकराची पापी घे माझ्या वतीनं, मग पुढचं वाच.

खपली रात्रभर भिजव. सकाळी वाट, पातळ फडक्यातून चीक गाळून घे आणि मंद आचेवर ढवळत राहा. गुठळी झाली तर टाकून दे, पोराला देऊ नकोस. कणभर गूळ.

आता मुद्द्याचं. यशराजने सांगितलं नसेल, त्याला कशाची पडलेली असते! आपल्या घरात गव्हाचा पहिला घास आईने भरवायचा नाही. मामानेही नाही. तो मान मथुराबाईचा. मथुराबाई म्हणजे सुभानरावांची बायको, माझी पणजी. सुभानराव गायकवाडांच्या पागेत होते, इथली ही जमीन त्यांचीच. हे बियाणं तिने राखलं म्हणून आज आपल्याकडे आहे.

करायचं इतकंच. बाळाला पाटावर बसवायचं, मागे लोड, पुढे चांदीची वाटी. मग सगळ्यांनी खोलीबाहेर व्हायचं आणि दार ओढून घ्यायचं. आत डोकावायचं नाही, हाक मारायची नाही. बाळाचा आवाज आला की आत जायचं. यशराजच्या वेळी मी दाराबाहेर उभी होते. आत गेलो तर गडी ओठ चाटत बसला होता.

तू शिकलेली आहेस, हसशील. हस, पण कर. चालत आलेलं मोडू नये.

माझे गुडघे खरंच बोलतात गं. यायचं जमणार नाही.

आत्या


सुभानपुरा
२ जानेवारी

आत्या, नमस्कार.

रागावू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सहा महिन्यांच्या पोराला वाटीपुढे एकटं बसवून दार लावायचं? घास अडकला तर? डॉक्टरबाईंनी तर बजावलंय की खाताना मूल नजरेसमोर हवं. गूळही वर्षभर बंद, मीठही बंद. तेव्हा मथुराबाईंना माझा लांबूनच नमस्कार. पहिला घास आईच भरवेल, असं मी ठरवलं.

ठरवलं खरं, पण जमलं नाही.

रविवारी सकाळी मी खीर केली, अगदी पेजेसारखी पातळ. चमच्याचं टोक बुडवून आशयच्या ओठांशी नेलं. त्याने तोंड घट्ट मिटलं. या पोराला भात चालतो, नाचणी चालते, केळं तर ओरबाडून घेतो. खपलीलाच काय झालं? मी गाणी म्हटली, टाळ्या वाजवल्या. शेवटी त्याने मानच वळवली. फ्रिज आणि दार यांच्यामधल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि चिमणीच्या पिल्लासारखा आ वासला.

तिथे काहीही नव्हतं, आत्या. मी त्या बाजूला जाऊन बसले तर तो पुन्हा तोंड मिटून माझ्या पलीकडे बघायला लागला. सोमवारी तेच, मंगळवारी तेच.

काल दूध उतू चाललं म्हणून मी गॅसकडे वळले. पाठ फिरवली तेवढंच. परत बघते तर वाटीतली खीर खाली गेलेली आणि आशय हसतोय. वाटी त्याच्या हाताला लागेल अशी नव्हतीच, मी ती ओट्यावर ठेवली होती. मांजर म्हणावं तर आशयचं तोंड स्वच्छ पुसलेलं होतं. जाडंभरडं कापड घासल्यासारखा गालावर लाल पट्टा.

यशराज म्हणतो, तुझी झोप होत नाही, तूच भरवलं असशील आणि विसरली असशील. असेलही. पण स्वतः पोराचं तोंड पुसलं तर आई विसरते का हो?

वैष्णवी


सावली
५ जानेवारी

वैष्णवी,

विसरली नाहीस तू. तिने आपला मान घेतला. तू दार लावलं नाहीस तरी घेतला, म्हणजे पोर तिला आवडलेलं दिसतंय. झालं ते बरं झालं म्हणायचं आणि पुढे चालायचं.

आता पुन्हा खपली करू नकोस. पहिला घास झाला, काम झालं. उरलेला गहू बांधून ठेव.

आणि गालावरचा तो पट्टा गेला का? अंगावर दुसरीकडे कुठे काही उठलंय का? उलटी वगैरे? पत्र मिळताच कळव, बापूला मी थांबायला सांगितलंय. विसरू नकोस.

आत्या


सुभानपुरा
१६ जानेवारी

आत्या,

बापू थांबला होता, पण मी त्याला तसंच पाठवलं. तुमचे प्रश्न वाचून मला वाटलं, म्हातारं माणूस, मायेपोटी विचारतंय. पट्टा संध्याकाळी गेला होता. एक उलटी झाली होती, मी म्हटलं दूध बाधलं असेल. खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं.

उरलेली खपली मी डब्यात भरून कपाटात ठेवली. कुलूप घातलं, किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत. हे नीट लक्षात ठेवून पुढचं वाचा.

उत्तरायणला, संक्रांतीचे पतंग उडवायला, आम्ही सगळे गच्चीवर होतो. दुपारी आशय पेंगायला लागला म्हणून त्याला खाली नेऊन निजवलं. शेजारच्या नयनाबेन म्हणाल्या, भाभी, तू जा, मी बसते याच्यापाशी. गेल्याच वर्षी राहायला आल्यात, पण जीव लावणारी बाई. मी वर आले, एक पतंग कापला गेला, चारी बाजूंनी "काप्यो छे!" सुरू झालं, आणि बघते तर नयनाबेन उंधियूची वाटी घेऊन गच्चीत उभ्या! मी विचारलं, अहो, आशय?

त्या म्हणाल्या, "तमारां सासु बेठां छे ने एनी पासे, एटले हुं उपर आवी."

माझी सासू बसली आहे म्हणून त्या वर आल्या. आत्या, सासूबाई गेल्या तेव्हा नयनाबेन या सोसायटीत नव्हत्याही. मी जिने कशी उतरले मला आठवत नाही.

आशय पाटावर बसला होता. पाट मी काढलाच नव्हता, तो माळ्यावर असतो. त्याचे ओठ सुजून दुप्पट झाले होते, डोळे मिटत चालले होते, मानेवर पोटावर गांधी उठल्या होत्या. आणि तोंड पुसलेलं, स्वच्छ. मुठीत काहीतरी होतं. दवाखान्यात नर्सने मूठ उघडली तर आत गव्हाचं तूस. तुम्ही कांडून पाठवलेल्या गव्हात एक तूस नव्हतं, आणि कपाटाचं कुलूप तसंच होतं.

इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. तपासणीत गव्हाची ॲलर्जी निघाली. डॉक्टरबाई माझ्यावर चिडल्या, उलटी होऊनही परत गहू दिलात? त्या म्हणाल्या, खपली असो, दाऊदखानी असो, याला गव्हाचा कण देऊ नका. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो. आणि विचारलं, घरात आणखी कुणा बाळाला असं झालं होतं का?

यशराज नाही म्हणाला. मी तुम्हाला विचारते. तुम्ही पुरळाबद्दल का विचारलं होतंत? मी अंगावर काही आलंय असं लिहिलंच नव्हतं. एक पट्टा लिहिला होता फक्त.

नयनाबेनना मी नको नको ते बोलले. त्या रडत एकच सांगतात, हिरवं लुगडं होतं, पाठमोऱ्या होत्या, वाटीत बोट घालून भरवत होत्या.

खरं काय ते लिहा.

वैष्णवी


सावली
१८ जानेवारी

वैष्णवी,

बापू तुझं पत्र देऊन दारातच उभा आहे. खरं लिहिते.

माझ्या पाठीवर दिनकर झाला. गोरापान, गुबगुबीत. उष्टावणाला दार लावलं, उघडलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. आजी म्हणाली, मथुराबाईचा हात फिरलाय, दृष्ट काढा. दृष्ट काढली आणि बाळ अशक्त झालंय म्हणून परत खपलीच भरवली. दिनकर गेला. माझ्या वडिलांच्या भावंडांतही एक असंच गेलं होतं म्हणतात. आमच्याकडे रडायचं नाही, म्हणायचं की तिने ओटीत घेतलं. मी चार वर्षांची होते. मीही तेच म्हणत मोठी झाले. ॲलर्जी हा शब्द आम्हाला कुठे ठाऊक! बाकीच्यांना काही झालं नाही, यशराजच्या बापाला नाही, मला नाही. मग गव्हाला दोष देणार कोण?

मथुराबाईचंही ऐक. छप्पनियाचा, म्हणजे १९०० सालचा, दुष्काळ पडला तेव्हा सुभानराव बडोद्याला नोकरीवर होते. जाताना सांगून गेले, काहीही होवो, बियाण्याच्या कोठीला हात लावायचा नाही. नवऱ्याचा शब्द. तिच्या अंगावर दूध उरलं नव्हतं. पहिलं लेकरू तिच्या मांडीवर उपाशी गेलं, आणि पाठीमागे कोठीत खपली भरलेली होती. पुढे पाऊस झाला, ती खपली पेरली, तीच आपण आजवर खातोय. दुसरं बाळ झालं तेव्हा तिने उष्टावणाला घरच्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि आपल्या हाताने भरवलं. तिच्यामागे ती रीत झाली. नंतर आत कोण भरवतं हे कुणी विचारलं नाही.

ती वाईट नाही गं. ती पोराचं पोट भरायला येते. पण तिला कुणी सांगितलंच नाही की एखाद्या पोराला हा गहू विष आहे. आम्ही सगळे दार लावून बाहेर उभे राहिलो. कोण सांगणार?

मी सांगितलं असतं, पण माझ्या गळ्यात आवाज नाही. तू आई आहेस. तू सांग.

घरातला गहू सगळा बाहेर काढ.

आत्या


सुभानपुरा
२ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

आधी चांगलं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आशय ठणठणीत आहे. ओठ, अंग, पोट, सगळं ठीक. घरात पीठ नाही, रवा नाही, बिस्किट नाही. आम्ही बाजरीचे रोटले खातो आणि यशराज कुरकुर करतो. नयनाबेनची मी पाया पडून माफी मागितली. तुमची खपलीही त्यांच्याकडेच ठेवली.

पण गहू बाहेर काढून भागलं नाही. दुपार झाली की आशय त्या कोपऱ्याकडे बघून आ वासायचा. पाळण्यात तूस सापडायचं. मी रोज झटकायची, रोज सापडायचं. तुम्ही लिहिलंत तसं मी सांगून पाहिलं. आधी हळू, मग ओरडून. "याला गहू नको हो, याचा जीव जाईल!" रिकाम्या कोपऱ्याशी भांडताना मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. आशयचं तोंड उघडंच.

मग गेल्या गुरुवारी, त्याला पोटाशी धरून बसले असताना मला एकदम वाटलं, आपण हिला नको नको एवढंच सांगतोय. बाई दुष्काळातून आली आहे. आपल्या घराने तिला शंभर वर्षं भरवायचा मान दिला. पण वाढलं कुणी? त्या वर्षी तीही उपाशीच असणार की. लेकरू उपाशी गेल्यावर कोणती आई जेवते? तिचं कुणी विचारलंच नाही, आत्या. मीसुद्धा तुमचं पत्र वाचून बाळाचाच विचार करत होते. मला फार रडू आलं.

नयनाबेनकडून मूठभर खपली आणली. आशयला त्यांच्या घरी त्यांच्या मांडीवर दिलं, माझ्याशिवाय कुणाकडेही द्यायचं नाही असं निक्षून सांगितलं. मग घरी येऊन खीर केली, तुमच्यासारखी, गूळ घालून, घट्ट. बाळासाठी नव्हती ना. कोपऱ्यात पाट मांडला, मोठं ताट घेतलं, वाटी नाही. पाणी ठेवलं. पदर खोचला आणि ताटासमोर बसले. दार लावलं नाही.

म्हटलं, "आजी, मी वैष्णवी, तुमच्या घरची सून. माझ्या पोराला गहू सोसत नाही. त्याला मी भात देईन, बाजरी देईन, उपाशी ठेवणार नाही, माझा शब्द. हे ताट त्याचं नाही. तुमचं आहे. तुम्ही जेवा."

कितीतरी वेळ काही झालं नाही. पंखा फिरत होता. खिरीवर साय धरली. मी उठले नाही. पाहुण्याला जेवायला बसवून कुणी उठतं का?

मग सायीला मधोमध खळगा पडला. बोटाने घ्यावा तसा. मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू. कानावर आवाज येत होता, फार दिवसांच्या भुकेल्या माणसाचा असतो तसा, घाईघाईचा. मला भीती वाटत होती आणि तरीही पंख्याखाली बसून मी हुंदके देत होते.

आवाज थांबला तेव्हा डोळे उघडले. ताट स्वच्छ होतं, पुसून घेतल्यासारखं.

आता ती जाईल असं मला वाटलं. निघते म्हणून काही खूण करेल, असं काहीतरी. पातेल्यात खीर उरली होती. घरात आलेल्या बाईला जे विचारतात तेच माझ्या तोंडून गेलं, "अजून वाढू का?"

फरशीवर घासत ताट माझ्या दिशेने सरकलं.

मी वाढलं, आत्या. पातेलं रिकामं होईपर्यंत वाढत राहिले.

तुमची,
वैष्णवी